आत्याबाईंची ओळख

बंदरावर त्याला सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर कप्तान म्हणत, कारण त्याच्या मालकीची बोट होती, आणि बोटवाल्याला तोंडावर भिंगरी म्हणायची हिंमत सहसा कुणी करत नाही. पण नाव चपखल होतं. हा गृहस्थ चहा उभ्याने प्यायचा, जेवताना दोनदा उठून खिडकीतून बोट जागेवर आहे ना ते बघून यायचा, आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसला की न्हावी वस्तरा बाजूला ठेवून आधी कात्री घ्यायचा. बायको सांगायची की लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचाच चेहरा तेवढा हललेला आलाय. लोकांना ती थट्टा वाटायची, पण फोटो बाहेरच्या खोलीत लावलेला होता आणि ज्याला बघायचा त्याने तो बघावा.

अशा माणसाच्या वाट्याला धंदा आला तो वाट बघत बसण्याचा. लांबच लांब दोर, त्याला ठरावीक अंतरावर गळ, प्रत्येक गळाला आमिष. दोर खोल पाण्यात तळाशी सोडायचा, दोन्ही टोकांना बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, बांधायचे आणि गप्प बसायचं. तळाचे मोठे चपटे मासे लागले असतील असं वाटलं की बोया उचलायचा, दोराचं टोक चरखीवर चढवायचं आणि एकेक मासा वर घ्यायचा. बसायचं काम भिंगरीला कधी जमलं नाही, पण हात चलाख होते, आणि बरीच वर्षं चलाखीवर निभावून गेलं.

मग ओर्का आल्या, देवमाशांसारख्या दिसणाऱ्या समुद्रातल्या शिकारी. काळ्या पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या, त्याच्या बोटीच्या निम्म्या लांबीच्या. तळापर्यंत जायची तसदी त्या घेत नसत. कशाला घेतील? दोर वर ओढताना माणूसच मासा अर्ध्या वाटेवर आणून देतो. तिथे त्या शांतपणे रांग लावून उभ्या राहत आणि गळाला धक्कासुद्धा न लावता मासा सोडवून घेत. वर यायचे ते नुसते ओठ. गळामागून गळ, आणि प्रत्येक गळावर माशाचे दोन ओठ, कुणी नेमून दिल्यासारखे.

त्यांची म्होरकी एक म्हातारी होती. तिच्या पाठीवरच्या पंखाच्या टोकाला खाच होती, त्यामुळे ती लांबून ओळखू यायची. बंदराने तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. बोलावणं नसताना येते, येताना लेकीसुना नातवंडं सगळी घेऊन येते, आणि ताटातलं चांगलं ते उचलून जाते, मग दुसरं काय नाव ठेवणार?

आत्याबाई इतर बोटींकडेही अधूनमधून फिरकायची. पण भिंगरीच्या बोटीवर तिचा विशेष जीव. दोर टाकला की संध्याकाळपर्यंत पंख दिसलेच म्हणून समजा. त्याने बोटीला रंग बदलून पाहिला. जागा बदलली. डेकवर रिकामे डबे बडवून पाहिले, तर दुसऱ्या खेपेपासून डबे वाजले की ओर्का जास्तच लगबगीने यायला लागल्या. शेवटी ओर्कांचा अभ्यास करणारी एक बाई बंदरावर आली होती, तिला त्याने गाठलं. ती म्हणाली की त्या बोटींना आवाजावरून ओळखतात. एखाद्या बोटीकडून एकदा खायला मिळालं की ती बोट म्हातारीच्या डोक्यात पक्की बसते, आणि म्हातारीने जे शिकवलं ते लेकी, नातवंडं जन्मभर विसरत नाहीत.

"म्हणजे माझ्या इंजिनाचा आवाज," भिंगरी म्हणाला.

"इंजिनाचा असेल," बाई म्हणाली. "आणखी कशाचा असेल तेही मला सांगता येत नाही."

पुढचं त्याने ऐकलंच नाही. इंजिन म्हटल्यावर त्याला उपाय सापडला होता. त्याच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची बोट. मेहुणा आजवर किनाऱ्याजवळ जाळी टाकायचा आणि यंदाच खोल पाण्यात दोर टाकायला लागला होता. त्याच्या बोटीचा आवाज ओर्कांनी ऐकलाच नव्हता. एका फेरीपुरत्या बोटी बदलायच्या. मेहुणा ह्याची घेऊन दक्षिणेला जाईल, हा मेहुण्याची घेऊन उत्तरेला.

मेहुणा भोळा होता असं नाही, पण बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायचं त्याच्या तोंडात नव्हतं. तो म्हणाला, "न्या ना दाजी, त्यात काय."

बायकोने मात्र स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून त्याला समोर उभं केलं. ती बोटीवर त्याच्याबरोबरच काम करायची. गळांना आमिष लावण्यात तिच्यापुढे बंदरावर कुणी नव्हतं, आणि नवऱ्याला तर ती गळाइतकंच ओळखून होती.

"अहो, एक ऐका. त्याच्या बोटीवरून एक मासा जरी आत्याबाईच्या तोंडात गेला ना, तर ती बोट कायमची बाटली. त्याची दोन पोरं त्या बोटीवर जगतायत."

"मला कळत नाही का?"

"कळतं हो. पण तुमचं कळणं आणि तुमचे हात यांची आपापसात बोलचाल नाही. मी तुम्हाला शपथ घालत नाही. एवढंच सांगते, तसं झालं तर मला माहेर उरणार नाही."

तो म्हणाला, असं काही होणार नाही. तो खरोखर तसं समजत होता.

सकाळी त्यांनी दोर टाकला. समुद्र शांत होता, लांबवर एकही पंख नव्हता. मेहुण्याच्या बोटीची केबिन नीटनेटकी होती, पोरांनी काढलेलं एक चित्र काचेला चिकटवलेलं होतं, आणि इंजिनाचा आवाज त्याच्या स्वतःच्या इंजिनापेक्षा मऊ होता. भिंगरी खूश होता. खूश झाला की तो आणखीच हलायचा. त्याने पहिल्या बोयाजवळ बोट नेली, बोया बघितला. मग दुसऱ्या टोकाला नेली, तो बोया बघितला. मग परत पहिल्याकडे. गिअरचा दांडा पुढे, मधे, मागे, पुन्हा पुढे.

"बोये पळून जात नाहीत," बायको डेकवरून म्हणाली.

"प्रवाह बघतोय."

"प्रवाह डोळ्यांनी बघतात."

दुपारी रेडिओवर मेहुण्याचा आवाज आला. दक्षिणेकडून, ह्याच्याच बोटीवरून. आवाजात हसू मावत नव्हतं.

"दाजी, तुमची बोट लक्ष्मी आहे. दोर निम्मा वर आलाय आणि गळागणिक मासा. अख्खा मासा. पंख तर सोडा, बुडबुडासुद्धा नाही. उगाच तुम्ही तिला नावं ठेवत होता."

भिंगरीने उत्तर द्यायला बटण दाबलं. तेवढ्यात बायकोने केबिनच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि उत्तरेकडे दाखवलं. पाण्यावर पंख उभे होते. एक, मग त्याच्यामागे चार, मग कितीतरी. सगळ्यांत पुढचा खाचेचा होता.

बायको आत आली. तिने रेडिओवरचं बोलणं ऐकलं होतं, पंख पाहिले होते, आणि दोन्हींचा हिशोब तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"बोटीला काही झालेलं नव्हतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. तुम्ही. बोट बदलली, इंजिन बदललं, पण दांड्यावरचा हात तोच. सकाळपासून पुढे-मागे, पुढे-मागे. दुसरा कुठला कप्तान एका जागी असा तळमळतो? खाली त्यांना सगळं ऐकू जात असणार. आणि नुसतं तेवढंच नाही. बाकीचे काय करतात माहितीये? ओर्का आल्या की दोर तळाशी सोडून देतात, इंजिन बंद करतात आणि झोपतात. त्या कंटाळून जातात. तुमच्याने ते होत नाही. तुम्ही दर वेळी मिळेल तेवढं तरी वाचवू म्हणून ओढायला घेता. तिला पक्कं ठाऊक आहे, हा गडी धीर धरत नाही."

वर्षानुवर्षं बायको हेच म्हणत आली होती, आणि त्याने ते कानाआड केलं होतं. पण पाण्यातल्या एका जनावराने त्याच्या स्वभावाचा अभ्यास केला, तो आपल्या नातवंडांना शिकवला आणि त्यावर आपल्या घराचं पोट भरलं, हे ऐकून त्याला उघड्यावर अंघोळ करताना सापडल्यासारखं वाटलं. त्याने इंजिन बंद केलं.

"दोर तोडू?" त्याने विचारलं.

"दोर त्याचा आहे."

"मग परत जाऊ आणि उद्या येऊ."

"मागे येतील. तुम्ही दोर टाकून फार वेळ लांब राहत नाही, हेही त्यांना माहीत असेल. बसा आता. एक दिवस तरी बसा."

तो बसला. मासे भरायच्या क्रेटवर बसला आणि हात मांड्यांखाली दाबून धरले. ओर्का बोटीपासून थोड्या अंतरावर येऊन थांबल्या. त्यांनाही घाई नव्हती. पिल्लं बोयाशी खेळत होती, एक पिल्लू तो खाली ओढून सोडून द्यायचं आणि बोया टुणकन वर आला की दुसरं त्याला नाकाने ढकलायचं. मोठ्या माद्या पाठी पाण्याबाहेर काढून संथ पडल्या होत्या. आत्याबाई मात्र बोटीभोवती फेऱ्या घालत होती. मधेच पाण्यातून डोकं उभं बाहेर काढून ती डेकवर नजर टाकायची.

"बघतेय," भिंगरी म्हणाला.

"बघू दे. आपणही बघतोच आहोत."

त्याच्या पायांना मुंग्या आल्या. मग पोटऱ्यांना. मग कुठे खाजतंय तेच कळेनासं झालं. त्याने गळांना धार लावली, लावलेल्या गळांना पुन्हा लावली. बटाटे सोलले, आणि बायकोने थांबवलं नसतं तर पोतं संपवलं असतं. खरी काळजी वेगळीच होती. तळाशी गळाला लागलेला मासा फार काळ टिकत नाही. तिथले बारीक किडे त्याच्या कल्ल्यांतून आत शिरतात आणि एका रात्रीत त्याला आतून पोखरून काढतात. म्हणजे बसून राहिलं तर मासे किड्यांचे, उठून ओढलं तर आत्याबाईचे. त्याच्या हाताला काहीच लागणार नव्हतं. वाचवायची होती ती फक्त मेहुण्याची बोट, आणि वाचली तरी ते दिसणार नव्हतं. केल्याचं दिसणार नाही असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

रात्र दोघांनी आळीपाळीने झोपून काढली. झोपली ती बायकोच. सकाळी पंख तिथेच होते.

"या नाही का कंटाळत?" तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुमच्याबाबतीत त्यांचा अनुभव चांगला आहे," बायको म्हणाली आणि त्याच्या हातात चहा दिला. तो त्याने बसून प्यायला. तिने ते पाहिलं.

ऊन चढलं तशी आत्याबाई दिसेनाशी झाली. बाकीच्या होत्या, ती नव्हती. भिंगरीला वाटलं, सुटलो. म्होरकी गेली की बाकीच्या जातील. तो उठून कठड्याशी गेला, आणि त्याच्या थेट समोर, हाताच्या अंतरावर, पाण्यातून ती वर आली.

तिच्या तोंडात मासा होता. गळावरचा नव्हे, तो दोर तर तळाशीच होता. बाहेरून कुठूनतरी पकडून आणलेला, चांगला मांडीएवढा, चकचकीत, दाताचा एक ओरखडासुद्धा नसलेला. तिने तो पाण्यावर ठेवला. ठेवला असंच म्हणायला हवं, टाकला नाही. मग नाकाने हळूच पुढे सारला, बोटीला टेकेपर्यंत. आणि दोन हात मागे सरून थांबली.

बायकोच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिने तुमच्यासाठी आणलाय."

"माझ्यासाठी कशाला आणेल?"

"काल दुपारपासून तुम्ही हलला नाहीत. तिला वाटलं असेल हा आजारी पडला."

भिंगरी माशाकडे बघत होता. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडापुढे आमिष धरलेला माणूस तो, आमिष बघितलं की ओळखणारच. गळ तेवढा दिसत नव्हता. हात पुढे केला की तिची खात्री पटली, की बोट नवी असली तरी माणूस तोच. मग उद्यापासून ती याच बोटीमागे फिरेल, मेहुणा दांड्यावर असला तरी. चतुर म्हातारी. तो स्थिर बसला म्हणून तिने त्याला हलवायला युक्ती काढली. असं त्याने स्वतःला बजावलं, पण नीटसं पटेना, कारण युक्ती करणारा समोरच्याच्या हाताकडे बघतो आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पांढऱ्या ठिपक्याखालचा तो बारीक, काळसर डोळा तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होता. तिच्या हनुवटीवर जुन्या जखमेचे वण होते. ती म्हातारी झाली होती. ह्या बोटीवर बसलेल्या दोघांपेक्षाही बहुधा मोठी होती.

तिला काय हवंय, हे त्याला विचारता येत नव्हतं आणि तिला सांगता येत नव्हतं. दोघांच्या मधे मासा तरंगत होता.

त्याचा उजवा हात कठड्यावरून खाली गेला. बायकोने पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हेच त्याला जड गेलं. पाण्याला बोटं टेकायच्या आत त्याची नजर केबिनच्या काचेवर गेली, पोरांच्या चित्रावर. त्यात एक बोट होती, बोटीवर बाप होता आणि बोटीखाली भरपूर मासे होते. त्याने हात मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, तर पाठ वळवली, क्रेटवर जाऊन बसला आणि दुसऱ्या बाजूच्या समुद्राकडे बघत राहिला.

इतका वेळ स्थिर बसणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मागे पाण्याचा आवाज येत होता, तिच्या श्वासाचा फुस्स असा आवाज येत होता. ती वाट बघत होती. खूप वेळ तिने वाट बघितली. मग बायकोनेच सांगितलं, बारीक आवाजात, की तिने मासा परत उचलला, फाडला, आणि एक तुकडा पिल्लांना, एक लेकीला असा वाटून टाकला. आणि मग सगळ्या वळल्या.

पंख दिसेनासे झाल्यावरही बऱ्याच वेळाने त्यांनी दोर ओढला. चरखी बायकोने चालवली आणि दांडाही तिनेच धरला. वर आले ते सांगाडे, कातडीच्या पिशवीत हाडं. दोन-चार मासे शेवटी लागलेले म्हणून वाचले होते, घरच्या कालवणापुरते.

रेडिओवर मेहुण्याने विचारलं, "काय दाजी, भरली का बोट?"

"रिकामी आहे," भिंगरी म्हणाला. "तुझं सगळं आमिष वाया गेलं. पण ऐक. त्या आल्या होत्या. एक मासा नाही दिला. तुझी बोट जशी नेली तशी आणतोय."

पलीकडून मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही बसून राहिलात? तुम्ही?" आणि त्याला हसू आवरेना. बायकोही हसली, आणि हसताहसता तिने पदर डोळ्यांना लावला. तिचं माहेर वाचलं होतं.

परतीच्या वाटेवर तीच बोट चालवत होती. भिंगरी केबिनच्या दारात उभा होता, हात खिशात कोंबून. यापुढे असंच चालायचं हे न बोलताच ठरलं होतं: दांडा तिचा, दोर त्याचा. त्याने ते मुकाट मान्य केलं होतं. तरी त्याला चैन नव्हतं. बंदराची भिंत दिसायला लागली तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं.

"घ्यायला हवा होता का गं तो मासा?"

ती समोर बघत राहिली.

"तुमच्या जागी मी असते तर घेतला असता," ती म्हणाली.

"आणि बोट? तुझा भाऊ?"

"बोट गेली असती."

"मग मला अडवलं कशाला? स्वयंपाकघरात उभं करून एवढं ऐकवलंस ते?"

"अडवलं ते ती मासा घ्यायला येईल म्हणून," बायको म्हणाली. "ती द्यायला येईल, हे मला तरी कुठे माहीत होतं?"

तिने बोटीचा वेग कमी केला. भिंगरी वळून मागे गेला, बोटीच्या शेवटच्या टोकाशी, आणि बंदरात शिरेपर्यंत उत्तरेच्या रिकाम्या पाण्याकडे बघत तिथे उभा राहिला. त्या दिवसानंतर तो स्वतःच्या बोटीवरून पुष्कळ वेळा गेला. बायकोचा हात शांत होता, दोर भरून येत होता, आत्याबाई फिरकत नव्हती, आणि बंदर म्हणत होतं की भिंगरीचं नशीब फिरलं. तो मात्र दोर टाकून झाला की कठड्याशी जायचा, बायको बघत नाहीसं पाहून पाण्यावर तळहाताने दोनदा थापटायचा, आणि थांबायचा.